यादी सगळ्यांना दिसत होती

“मामा आला! मामा आला!” बालवाडीत एकच गलका उठला.

दारात एक तरुण रंगीत खडूंचं भलंमोठं खोकं पोटाशी धरून उभा होता. आला होता तो भाचीला न्यायला, पण एका क्षणात अख्ख्या वर्गाचा मामा होऊन बसला.

मुलांची ताई हसत पुढे आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळ्या रंगानं माखलेले. “इथं ठेवा, मामा.”

“तुम्ही तरी मामा म्हणू नका हो...”

“मग काय म्हणू?”

“करा विचार. उद्या डिंकाच्या बाटल्या घेऊन येतो, तोवर सुचेल काहीतरी.”

“डिंक आणा असं कधी म्हटलं मी?”

“तुमच्या यादीत आहे की!”

ही यादी म्हणजे विशलिस्ट. खरेदीच्या ॲपवर एखादी वस्तू आवडली, पण आज घ्यायची नसली, की तिच्याशेजारच्या इवल्याशा हृदयावर बोट ठेवायचं. वस्तू यादीत जाऊन बसते. वर्गाला लागणारं सामान ताईनं असंच जमवून पालकांना पाठवलं होतं, ज्याला जमेल त्यानं द्यावं म्हणून. त्यासाठी ‘सर्वांना दिसेल’ हा पर्याय निवडावा लागला. मग ती ते साफ विसरली, आणि बोट मात्र पडतच राहिलं... एका पिवळ्या छत्रीवर, मोगऱ्याच्या अत्तरावर, आणि श्रवणयंत्राच्या बारक्या बॅटऱ्यांवर.

गेल्या वर्षीच्या आजारात तिचा डावा कान जवळजवळ गेला होता. यंत्र केसांआड लपत होतं. आईलासुद्धा तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

डिंकानंतर मामा घोटीव कागद घेऊन आला, मग कात्र्या, मग काहीच न घेता. अहो-जाहोचं अगं-अरे कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. शाळेबाहेरच्या बाकावर तो नेहमी तिच्या उजव्या हाताला बसायचा. चालतानाही हळूच त्याच बाजूला यायचा.

“काय रे, सारखी इकडून तिकडे फुगडी?”

“या बाजूनं तू जास्त छान दिसतेस...”

ती लाजली. बोलणाऱ्याच्या ओठांकडे डोळे लावून बसण्याचा शीण त्याच्याजवळ नव्हता. नशीब असंही असतं तर! येत्या रविवारी त्याला सगळं सांगायचं, तिनं ठरवलं. आरशासमोर वाक्यंसुद्धा म्हणून पाहिली.

पण शुक्रवारीच मोठ्या बाईंनी बोलावलं.

“अगं, एका कानानं ऐकू येत नाही तुला? उद्या एखादं पोर त्या बाजूला पडलं, रडलं तर? पालक विचारायला लागलेत. सोमवारपासून तू ऑफिसात बस, बाळ.”

‘बाळ’ म्हटल्यामुळे ते आणखीच बोचलं.

संध्याकाळी तो बाकावर आला, तेव्हा तिनं सरळ विचारलं, “तू कुणाला काही बोललास?”

“फक्त बहिणीला. म्हटलं, ताईशी उजवीकडून बोलत जा, त्यांना त्रास नको...” तो अडखळला. “का? काय झालं?”

“वर्ग गेला माझा. आणि तुला... तुला कुणी सांगितलं?”

“यादीत बॅटऱ्या होत्या. मग लक्षात आलं, तू नेहमी उजवा कान पुढे करतेस.”

तिनं फोन उघडला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सर्वांना दिसेल’. तिनं ते ‘फक्त मला’ केलं.

“सगळ्यांचा मामा तू... आणि मामा बनले मी!”

“तसं नाही गं! प्रेम आहे माझं तुझ्यावर. म्हणून तर—”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. खोटं नव्हतं ते. म्हणूनच जिव्हारी लागलं.

“रविवारी मी सांगणार होते तुला. आपण होऊन. पहिल्यांदाच कुणाला तरी...”

“मग आत्ता सांग ना. मला काहीच माहीत नाही असं समज. मी ऐकतो.”

तिनं फोन बाजूला ठेवला. “गेल्या वर्षी मी खूप आजारी होते. उठले, तर डाव्या...”

तो मान हलवू लागला होता. हळुवारपणे, समजुतीनं, वाक्य पुरं व्हायच्या आधीच. डोळ्यांत माया काठोकाठ होती, पण दचकणं नव्हतं... कुतूहल नव्हतं...

ती थांबली.

“पुढे?” त्यानं विचारलं.

“पुढचं तुला ठाऊकच आहे,” ती म्हणाली, आणि उठली.