तीस सेकंद हलायचं नाही

जानेवारीतल्या एका सोमवारी, ड्रेस्डेनच्या फ्लॅटमध्ये शशिकांत आपली एकट्याची भांडी विसळत असताना वेदचा फोन आला.

"शशीदादा, आज ऑरोरा दिसेल म्हणतायत. वहिनींचा कॅमेरा घेऊन येता का?"

त्याच्या बायकोला, अश्लेषाला, जाऊन अकरा महिने झाले होते. ती असताना शशिकांत तो उत्तरेकडचा रंगीत उजेड बघायला एकदाही गेला नव्हता. एवढ्या थंडीत आभाळात काय बघायचं, म्हणायचा. मग ती शशिकांतच्याच चिपच्या कारखान्यातल्या या वेदच्या गाडीतून जायची आणि पहाटे लाल नाकाने, हसत परतायची. ते हसू बाहेरून आणलेलं असायचं. त्यात वावगं काही नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी सलायचं.

गाडीत पुढे बसताना त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. सीट अजून अश्लेषाच्याच मापाची होती. त्याने ती जोर लावून पार मागे सरकवली.

मोरित्झबुर्ग गावाच्या पुढे, तळ्याकाठी, चिटपाखरू नव्हतं. कुजलेल्या गवताचा वास येत होता. गोठलेलं तळं मधूनच कण्हल्यासारखं वाजे. उत्तरेला नुसता राखाडी पट्टा.

"कुठाय तुझा ऑरोरा?"

"आपल्याकडे डोळ्यांना एवढाच दिसतो, दादा. कॅमेऱ्याला नीट दिसतो. तीस सेकंद उघडा ठेवायचा. मध्ये कुणी हललं तर ते फराटा होऊन येतं, स्थिर राहिलं तरच उमटतं." वेद किंचित हसला. "वहिनी पुतळ्यासारख्या उभ्या राहायच्या."

हेही यालाच माहीत.

वेद तळ्यापाशी जाऊन उभा राहिला. शशिकांतने स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. तीस सेकंदांनी स्क्रीनवर आभाळ कुंकवासारखं लाल उमटलं. खाली वेद. आणि वेदच्या खांद्याला खांदा लावून, निळ्या लोकरी टोपीत, अश्लेषा.

ती टोपी घरी कपाटात होती.

शशिकांतला आधी भीती वाटलीच नाही. आलीस, आणि तीही याच्याजवळ... एवढंच मनात आलं.

"तू गाडीत जाऊन बस."

"एकटे थांबणार? इथे?"

"जा म्हटलं ना."

पावलं दूर गेली, दार लागलं. शशिकांतने टायमर लावला आणि वेदच्याच जागी जाऊन उभा राहिला. त्याने श्वास रोखून धरला. खांद्याशी थंडी एकाएकी दाट झाली, तरी तो हलला नाही. कॅमेरा टकटकला तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

"आता मी आलोय ना..."

फोटोत तो रेखीव उमटला होता. एकटाच. त्याच्या खांद्यापासून एक निळा फराटा निघून चौकटीबाहेर गेला होता, गाडीच्या दिशेने.

तो गाडीपाशी आला. पुढचं दार उघडलं. सीट पुन्हा पुढे सरकलेली होती, आणि रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता.

वेदचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याने वळून पाहिलं नाही.

"दादा..." तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही मागे बसता का?"

शशिकांत मागे बसला. गाडी परत निघाली. त्या रिकाम्या सीटसमोर काचेवर वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. ड्रेस्डेन येईपर्यंत वेदने ती दोनदा हाताने पुसली... तिकडे न बघता, सवयीने.