कुंडातला मोर

हेंशीर झितूना इथल्या उत्खननातल्या पडक्या चर्चमधला खड्यांच्या चित्रातला मोर नाहीसा झाला आणि पोलिसांनी राखणदार शादलीवर ठपका ठेवला. त्याची बायको रडत मुंजिया हफ्सीकडे आली.

मुंजिया खासगी तपास करायची. भाचा लुत्फी तिची गाडी चालवायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा.

बाप्तिस्म्याच्या खोल कुंडात रंगीत खड्यांच्या मोराजागी खड्डा होता. कडेला सरसाने कडक झालेले कापडाचे धागे, खड्ड्याच्या तळाशी बोटभर कोवळं गवत. उन्हाने वैतागलेला लुत्फी ते उपटत बसला.

"उपटू नकोस, गाढवा!" मुंजिया ओरडली.

शादली कपाळाला हात लावून बसला होता. "मागचा आठवडाभर मुलीच्या लग्नाला गावी होतो. परवा सकाळी परतलो, तेव्हापासून वरूनच फेऱ्या मारल्या. गुडघे धरलेत, कुंडात उतरवत नाही. रात्री वरून नुसता अंधार दिसतो."

वाटाड्या मुनीर म्हणाला, "मागच्या आठवड्यात पाऊस पडला, तेव्हापासून पर्यटकच नाहीत. मी तिकडे फिरकलोच नाही."

उत्खननप्रमुख डॉक्टर नायला संतापलेल्याच होत्या. "परवा संध्याकाळी मी स्वतः पाहिला, शाबूत होता! मग ट्यूनिसला गेले. काल येते तर खड्डा. तीन वर्षं खात्याकडे छप्पर मागतेय, कुणी ऐकतं का?"

"सगळं शादलीकाकांवरच येतंय," लुत्फी चडफडला. "मावशी, आपल्याच्याने नाही होणार हे."

मुंजियाने सगळ्यांना उत्खननाच्या पत्र्याच्या खोलीत बोलावलं आणि गवताची काडी टेबलावर ठेवली.

"एवढं गवत दोन दिवसांत वाढत नाही. ते पावसावर उगवलं, म्हणजे तेव्हाच मोर गेलेला होता. शादली गावी होता. मग नायलाबाई, परवा तुम्ही कुठला मोर पाहिलात? स्वतः इथे नसताना चोरी झाली, असं दाखवायची गरज फक्त चोराला. शिवाय कापड चिकटवून चित्र अख्खं उचलायचं, तर हात शिकलेला लागतो."

नायलाबाईंनी गवताची काडी बाजूला सारली. "माझ्या घरी आहे. विकायचा नव्हता हो! छपराविना क्षाराने खडे गळत होते. अर्ज करून थकले. चोरी म्हटल्यावर मात्र एका दिवसात खात्याच्या साहेबांच्या तीन गाड्या आल्या."

"आणि मी?" शादलीने विचारलं.

"तुमचं नाव घेतील असं वाटलं नव्हतं."

"मग कुणाचं घेणार होते, बाई?"

नायलाबाईंनी घराची किल्ली टेबलावर ठेवली.

शादली सुटला. मोर पेटीत घालून राजधानीच्या गोदामात गेला. छप्पर काही आलं नाही. चर्चच्या फरशीतून गळणारे उरलेले खडे शादली रोज झाडूने एका कोपऱ्यात लोटतो.