भिंतीतला ओलावा

दुपार कलल्यावर डॉक्टरीण किल्ली घेऊन मनोऱ्याकडे धावत सुटली. माणसांची नव्हे, ती जुन्या भिंतींची डॉक्टरीण. हे नाव तिच्या काकांनीच पाडलेलं. काका मनोऱ्याचे गाईड. त्यांचं घर पर्यटकांवर चालायचं आणि पुतणीचं भांडणही पर्यटकांशीच. अरुंद जिन्यात माणसं भिंतीला घासत चढत, पाठ टेकून फोटो काढत आणि जुना चुना पिठासारखा झडे. मनोरा बंदच करा, असं ती म्हणायची. मग मी घरात बसून पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवू का, असं काका विचारायचे.

शेवटी मनोऱ्याची देखभाल पाहणाऱ्या समितीने मधला मार्ग काढला. फुटक्या भागावर तिने चुन्याचा गिलावा करायचा. तो टिकला, तर मोजकीच माणसं आत सोडून मनोरा चालू ठेवायचा. तडकला, तर कायमचं कुलूप. पाहणी उद्याच होती.

चुना घाईने वाळला की तडकतो. त्याला रोज पाणी मारून, ओल्या गोणपाटाखाली निवांत वाळू द्यावं लागतं. आणि काल 'वारसा कसा जपावा' यावर भाषण ठोकण्याच्या नादात ती पाणी मारायचंच विसरली होती. वर कडक ऊन.

तिने कुलूप काढलं. आत गारवा होता. ओल्या चुन्याचा वास. वर कुठेतरी थेंब ठिबकत होता... संथ, एकसारखा. बादली दाराशी पालथी पडलेली, कोरडीठाक. ती जिना चढून वर गेली. गिलाव्यावरचं गोणपाट मात्र निथळत होतं.

मागून काका धापा टाकत आले.

"काका, पाणी तुम्ही मारलंत?"

"किल्ली तुझ्याकडे. मी काय भिंतीतून शिरू?"

तिने हळूच गोणपाट उचललं. एकही तडा नव्हता. तिला रडू आलं. काकांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. मग त्यांचा हात तिथेच थांबला.

गिलाव्यावर माणसाच्या हाताचा पंजा उमटला होता. तिने बोट फिरवलं. पंजा खोल गेलेला नव्हता, वर उठलेला होता.

"हा तर..." काका कुजबुजले, "आतून दाबलाय."

पण त्या गारव्यात दोघांनाही पळावंसं वाटलं नाही. आपल्यासारखंच कुणीतरी या भिंतीला जपतंय, एवढंच तिला वाटलं. तिने पंजाला पंजा लावला आणि नकळत "आभारी आहे" म्हणाली.

मनोरा चालू राहिला. माणसं थोडी थोडी येतात, निवांत बघतात, हळू बोलतात. काकांच्या गोष्टीही आता नीट ऐकू जातात. काका-पुतणीचं भांडण मिटलं. गिलावा वाळून पांढराशुभ्र झाला. पंजा तेवढा ओलाच राहिला.

परवा गर्दीच्या दिवशी लांबून आलेलं एक कुटुंब दाराशी हिरमुसलं. काकांना दया आली. त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त माणसं आत सोडली.

संध्याकाळी डॉक्टरीण वर गेली, तेव्हा पंजाची बोटं मिटलेली होती.

तेव्हापासून काका एकही माणूस जास्त सोडत नाहीत. बोटं हळूहळू उघडताहेत. करंगळी अजून मिटलेलीच आहे.