बोक्याखालचा फोन

"वर्षातली दुसरी बॅटरी!" मोबाइल दुरुस्तीवाल्या काकांनी फोन मावशीच्या हातात ठेवला आणि कपाळाला हात लावला. "बाई, या जुन्या मॉडेलची माझ्याकडची ही शेवटची. तुम्ही करता तरी काय फोनचं? इस्त्री?"

मावशी कसंनुसं हसली. तिच्यामागे उभ्या असलेल्या तिच्या तिन्ही भाच्यांना मात्र हसू आलं नाही. सुट्टीला आल्यापासून ती तिघं रोज बघत होती, जेवणाची वेळ झाली की मावशीचा फोन मान टाकायचा. आणि मावशी होती घरोघरी जाऊन बाळंतपण करणारी नर्स! पुलापलीकडच्या एका बाईचे दिवस भरले होते. तिचा नवरा जहाजावर, घरात दुसरं कुणी नाही. "कळा सुरू झाल्या की फक्त एक फोन कर, मी आलेच," असा शब्द मावशीने तिला दिला होता. तो फोन ऐन वेळी बंद पडला तर?

"बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत," काका सांगत होते. "उकाडा, आणि सारखं काठोकाठ भरून राहणं. ऐंशी टक्क्यांच्या आसपास चार्जर काढा. वीसच्या खाली जाऊ देऊ नका. दिवसभर बाहेर राहायचं असेल तर निघताना पूर्ण भरून घ्या. बस्स!"

"अहो, मी तसंच करते! पण दुपारी जरा पडून उठते, तर ऐंशीचे शंभर झालेले आणि फोन चटका बसेल इतका गरम. मला वाटतं, झोपेच्या गुंगीत मीच परत लावत असेन."

तिघांपैकी मधला, ज्याला सगळे शंकासूर म्हणत, लगेच थोरल्या ताईच्या कानाला लागला. "झोपेत कुणी चार्जर शोधून पिन लावतं?"

"नाही!" ताई डोळे बारीक करून म्हणाली.

"मग चोर आहे!" धाकटी भिंगरी जागच्या जागी गिरकी घेत ओरडली.

"चोर फोन नेतो, वेडे! चार्ज करून देत नाही!"

घरी मामा जेवणासाठी थांबला होता. मावशीचा हा थोरला भाऊ पाणीपुरवठ्यात कामाला होता, शहराच्या टाकीचे व्हॉल्व्ह त्याच्या हातात. त्याला रिकामं काही बघवतच नसे. घोटभर पाणी प्यायलं की हा तांब्या पुन्हा भरून ठेवणार! जेवताना तो रंगात येऊन सांगत होता, "रात्री लोक झोपलेले असतात, पाणी वापरतो कोण? तेव्हा व्हॉल्व्ह आवळायचा, प्रेशर उतरवायचं. नाहीतर जुन्या पाइपांचे सांधे सुटलेच म्हणून समजा."

जेवण झालं. मावशीने फोन ऐंशीला काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आणि ती आडवी झाली. मुलं मुद्दाम गडबड करत अंगणात गेली आणि थोड्या वेळाने मांजरपावलांनी परत आली.

टेबल रिकामं!

"गेला! मी म्हटलं नव्हतं?" भिंगरी कुजबुजली.

ताईने बाहेरच्या खोलीतल्या फोनवरून मावशीचा नंबर फिरवला. घंटा वाजायला लागली. कुठून? स्वयंपाकघरातल्या फळीवरून! आणि फळीवर होता फक्त घरचा जाडजूड बोका, डोळे मिटून पसरलेला.

"ताई, बोका वाजतोय!"

शंकासुराने त्याला दोन्ही हातांनी उचललं. बोका जाम चिडला. त्याच्या पोटाखाली जाड कव्हरातला फोन चार्जिंगला लावलेला होता, आणि असा तापला होता की ताईने तो पटकन ओढणीत धरला.

"पण बोका उन्हाळ्यातही इथेच का झोपतो?" शंकासुराची पुढची शंका.

भिंगरीने फळीमागच्या भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "भिंत भाजतेय! पलीकडे बेकरी आहे ना? ही त्यांच्या भट्टीची बाजू!"

वरून बोका, मागून भट्टी, आणि पोट काठोकाठ! बिचारी बॅटरी दुसरं काय करणार?

"पण पिन कोण लावतं?" ताई म्हणाली. "त्याला रंगेहाथ पकडायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेकरीतून ओंजळभर मैदा मागून आणला. फळीवरचा चार्जर बंद करून त्याच्या वायरीला मैदा चोळला आणि तिघं बाहेरच्या खोलीत साळसूदपणे पत्ते खेळत बसली. चहाच्या वेळी मावशी उठली. मामा आतून आला, खुर्चीत बसला आणि सवयीने मिशीला पीळ दिला. मिशी पांढरी झाली!

"मामा!" तिघं एकदम किंचाळली.

मामाने बोटं बघितली, मुलांकडे बघितलं, मग बहिणीकडे. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"दादा, तू?" मावशी थक्क झाली. "पण का रे?"

मामाने मिशीवरचा मैदा पुसला. "गेल्या थंडीत तुझी स्कूटर पुलावर बंद पडली होती," तो हळूच म्हणाला. "मी फोन लावत होतो, लावत होतो. सारखं एकच, 'बंद आहे'. तू पहाटे चालत घरी आलीस. तेवढ्या वेळात मी काय काय मनात आणलं, तुला कसं सांगू! तेव्हापासून तुझा फोन अर्धवट दिसला की मी तो चार्जिंगला लावूनच टाकतो. टेबलावर कुणाचा धक्का लागेल म्हणून फळीवर लावत होतो."

आता मुलांना त्याला चिडवावंसंही वाटेना. भिंगरी जाऊन त्याला बिलगली.

"मामा," ताई म्हणाली, "रात्री तुम्ही पाइपांचं प्रेशर का उतरवता?"

"सांधे सुटू नयेत म्हणून. कालच तर..." मामा बोलता बोलता थांबला. "म्हणजे मी हिची बॅटरी रोज पूर्ण प्रेशरवर ठेवून... आणि वर भट्टी?"

"आणि बोका," शंकासूर म्हणाला.

"अरे देवा! हिचा फोन बंद पडू नये म्हणून धडपडलो, आणि बंद पाडत होतो मीच!"

मावशीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला विचारायचंस तरी, वेड्या."

त्याच संध्याकाळी मामाने फळीवरचा चार्जर काढून टेबलाजवळ लावला. फोन ऐंशीला काढतानाही त्याचा हात जरा अडखळला, पण त्याने काढला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. मावशीने पहिल्याच घंटेला उचलला. "घाबरू नकोस, निघालेच!"

स्कूटर गेली. मामा कामावरून येऊन दारात येरझारा घालू लागला. पण त्याने मावशीला एकदाही फोन लावला नाही. उन्हं उतरली तेव्हा कुठे घरचा फोन खणखणला. मामाने स्पीकर लावला.

"मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!" मावशीचा आवाज दमलेला आणि आनंदी होता. "तिच्या नवऱ्याला बाळाचं रडणं माझ्याच फोनवरून ऐकवलं. दादा, अजून निम्मी बॅटरी आहे. आणि माझ्या तिन्ही गुप्तहेरांना सांग, आजचं अर्धं काम त्यांनी केलंय!"

"अर्धं नाही, जास्तच!" मामा म्हणाला. "वाघ आहेत आपली पोरं!" मग त्याने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. "काही नाही रे. डोळ्यात मैदा गेला."

"पण मैदा तर कालच..." शंकासुराने तोंड उघडलं.

ताईने त्याला चिमटा काढला. आणि आयुष्यात पहिल्यांदा शंकासुराने आपली शंका गिळून टाकली.