शिट्टीवाल्यांचा जेम्स

पोर्टस्केलमधली घरं समुद्राकडे पाठ करून उभी आहेत. त्या बाजूच्या भिंतीला एकही खिडकी नाही. आणि गावातले निम्मे पुरुष जेम्स फ्लेट! म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव. एल्स्पेथच्या आजेसासऱ्यांनी एकदा भर समुद्रात शिट्टी वाजवली, वारा चवताळला, आणि घराला नाव चिकटलं ते कायमचं. तिच्या नवऱ्यालाही सारं गाव ‘शिट्टी’च म्हणे. ती डोंगराकडच्या शेतकऱ्याची लेक, लग्नाला जेमतेम एक हिवाळा झालेला. नवऱ्याला असल्या नावानं हाक मारायची तिला भारी लाज वाटे.

त्या दुपारी ती मीठ आणायला धक्क्याकडे गेली आणि समुद्रावरून धुकं चढलं. होड्या एकेक करत परतल्या. जेम्सची तेवढी राहिली. तिचा जीव टांगणीला लागला. सासूबाई पाण्याकडे तोंड करून ओरडत होत्या, “शिट्टी! ए शिट्टी!”

एल्स्पेथला राहवलं नाही. “जेम्स फ्लेट! घरी ये रे!”

सासूबाईंनी झटकन तिचं तोंड दाबलं. “अगं बये! धुक्यात नुसत्या नावानं हाक मारतात का? समुद्राच्या तळाशी किती जेम्स फ्लेट पडलेत, ठाऊक आहे तुला?”

इतक्यात धुक्यातून जेम्स चालत आला. तोच चेहरा, तेच तांबडे केस. एल्स्पेथ रडतच त्याला बिलगली. त्याच्या कोटाला कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता. होडी कुठे आहे, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

घरी तो चुलीपाशी बसला. कपडे वाळेनात. फरशीवर पाणी साचत गेलं.

सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या. “शिट्टी...” त्या हळूच म्हणाल्या. त्यानं मान वळवली नाही. “शिट्टी... बाळा...”

“जेम्स?” एल्स्पेथ म्हणाली.

तो लगेच वळला आणि हसला.

तेवढ्यात त्या बिनखिडकीच्या भिंतीपलीकडून, पाण्यावरून, एक बारीक शिट्टी आली. समुद्रात शिट्टी कोणी वाजवत नाही. ज्याला आपलं नाव सांगायचंय, तोच वाजवेल.

सासूबाई ओरडत धक्क्याकडे धावल्या. एल्स्पेथनं दारात येऊन हाकेसाठी छातीभर श्वास घेतला. मागून एक गार, ओला हात तिच्या तोंडावर आला.

“कुणाला बोलावतेस गं? मी आलोय ना...”

शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी जरा लांबून.