सलोनीचं गाणं

"दादा, ते गाणं बंद करा बरं," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

सिनेमात आल्यापासून त्या रॉक गाण्याने बोईसरात उच्छाद मांडला होता. हळदीला तेच, आमच्या कंपनीच्या कँटीनमध्येही तेच. गाणारा घसा फाडून 'सलोनी, सलोनी' हाका मारतोय... आणि ती बया काही येत नाही.

शेअर रिक्षात माझ्या शेजारी मांडीवर गिटार घेऊन बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "खरंच बंद करा. मलापण कंटाळा आलाय."

"तुम्हाला का?"

"मीच गायलंय ते."

मेले मी! आमचं दांडी गाव येईपर्यंत मी बाहेर बघत बसले. तो गालात हसत होता, हे मात्र मला न बघताही कळत होतं.

तो दर्पण, बेटेगावचा. सिनेमावाल्यांना त्याच्याकडून असंच दुसरं गाणं हवं होतं, आणि समुद्राकाठी सुचतं म्हणून तो दांडीला यायचा. आमची बोंबील वाळवायची जागा किनाऱ्यावरच. आठवडाभर त्याला नुसता बसलेला बघून आईने त्याला कामालाच लावलं. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि दोरीवर टाकायची. मी ड्यूटीवरून आले की आम्ही दोघं दोरीच्या दोन बाजूंना... मधे वारा, मधे उन्हात चमकणारे बोंबील. कधी बोटाला बोट लागायचं. दोघांच्याही हाताला वास, तरी मला बोट मागे घ्यावंसं वाटत नसे.

सलोनीचं त्याने आपणहून सांगितलं होतं. पालघरच्या कॉलेजात दोघं एकत्र होते. मग ती लग्न होऊन वापीला गेली आणि त्याने ते गाणं लिहिलं. मी 'हं' म्हटलं. पण आत जळत होते. कुणाची सवत लाउडस्पीकरवर असते का हो?

तीन महिने गेले. एका संध्याकाळी तो गिटार न घेताच आला. सिनेमावाल्यांनी काम दुसऱ्याला दिलं होतं, कारण याच्याकडून एक ओळही झाली नव्हती. मला वाईट वाटलं, आणि त्या भरात मनातलं ओठांवर आलं.

"सलोनीवरच आणखी एक लिहायचं होतंस. तिच्यावर तर सुचतं तुला."

"बसलो होतो ना... रोज. तिचा चेहरा आठवायला जायचो, तर तुझाच यायचा."

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला.

"मग माझ्यावर लिहायचं," मी कशीबशी म्हणाले.

"तेपण करून बघितलं, तेजल. पण मला दुःखाचंच येतं, आणि तू समोर हायस, हसतेस... दुःख आणू कुठून?"

"नको आणूस," मी म्हटलं. "मला गाणं नको. मला तू हवास."

बोलून गेले, मग कळलं की आई मागेच टोपली घेऊन उभी आहे. तिने टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि दर्पणला नीट न्याहाळलं. तीन महिन्यांत जे कधी विचारलं नव्हतं, ते तिने आता विचारलं.

"घरी कोण कोण हाय रे तुझ्या?"