काढून ठेवलेला पिस्टन

माझं काम मोजण्याचं. कारखान्यात तयार होणारा प्रत्येक भाग माझ्या टेबलावरून जातो आणि केसाइतका फरक निघाला तरी मी तो परत पाठवतो. त्यामुळे जे मोजता येत नाही त्याबद्दल बोलायची मला सवय नाही. तरी सांगतो.

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी मोटरसायकलला बिग बोअर किट, म्हणजे ताकद वाढवणारा मोठा सिलिंडर आणि पिस्टन, बसवायचं ठरवलं. गाडी लग्न झाल्या झाल्या घेतलेली, इंजिनाचा जीव लहान. घराच्या अलीकडे एक उभा चढ आहे. दोघं बसलो की तिथे गाडी धापा टाकायची. मग बायको मागून उतरायची आणि शेजारून चालत म्हणायची, "घोड्याला जरा चारापाणी करत जा रे!" आता मी एकटाच होतो, गाडी सहज चढली असती. पण त्या जागी आली की माझा हात आपोआप क्लचवर जायचा. गाडी थांबायची. मी उगाच मागे वळून बघायचो.

"एकट्याला एवढी ताकद कशाला?" गॅरेजवाल्या उस्तादनं विचारलं. तो माझा जुना मित्र.

"चढ आहे," मी म्हणालो.

त्यानं इंजिन उघडलं. जुना सिलिंडर निघाला, त्याजागी जास्त व्यासाचा बसला, त्यात मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा. किक मारली तेव्हा आलेला आवाज जाड आणि परका होता. आधीचा आवाज बारीक, शिलाई मशीनसारखा. जुना पिस्टन उस्तादनं काजळी खरवडून लख्ख केला आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "टाकू नकोस. अंगचा भाग आहे तो."

त्या संध्याकाळी गाडी चढावरून सुसाट गेली. मागे बघायला सवडच मिळाली नाही. घरी आलो, पिस्टन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि उभ्यानंच जेवलो.

काही दिवसांनी कामावरून आल्यावर डबा काढताना हात पिस्टनला लागला. कोमट होता. खिडकीतून ऊन येत असेल म्हणून मी तो लाकडी कपाटात, चादरींच्या मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर चादरींना जळक्या ऑइलचा वास येत होता आणि पिस्टन पुन्हा कोमट. मी कारखान्यातून तापमापक आणला. धातू खोलीपेक्षा बराच गरम भरला. तापमापक बदलून पाहिला. आकडा तोच.

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "काय रे, गाडीला परत जुनं इंजिन बसवलंस वाटतं? बरं केलंस. तो नवा आवाज म्हणजे कानठळ्याच."

"नाही काकू. नवंच आहे."

"मग दुपारी येतोस तेव्हा..." त्या थांबल्या. "आणि बोलणं पण..."

"कुणाचं बोलणं?"

काकूंनी पदरानं कठडा पुसल्यासारखं केलं. "माझे कान गेलेत आता. जेवलास का तू?"

दुपारी मी कधीच घरी नसतो.

मी पिस्टन उस्तादकडे नेला. मनात आलेलं काही सांगितलं नाही. नुसता त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं तो उजेडात फिरवला, माथ्यावरून अंगठा घासला. अंगठा काळा झाला.

"कुणाच्या गाडीत घातलास?"

"कपाटात होता."

"थट्टा करू नकोस. मी हा साफ करून दिला होता. ही काजळी ताजी आहे. हा चाललाय, रोज चाललाय." त्यानं तो माझ्याकडे सरकवला आणि बराच वेळ हात पुसत राहिला. "इथे ठेवू नकोस, बाबा."

पुढच्या दिवशी मी रजा टाकली. गाडी खाली उभी होती, तिची किल्ली माझ्या खिशात. दाराला आतून कडी घातली आणि पिस्टन तळहातावर घेऊन खुर्चीत बसलो. गार होता. दुपार चढली. नळ ठिबकत होता. घरात एकच माणूस असला की नळाचा आवाज किती मोठा होतो, हे मला एव्हाना माहीत झालं होतं.

मग हातातला धातू कोमट झाला.

खाली, दूर, चढाच्या बाजूला बारीक आवाज ऐकू आला. शिलाई मशीनसारखा. मध्येच तो मंदावला, जवळजवळ थांबला. कुणीतरी उतरावं इतका वेळ. मग हळूहळू वर आला.

पिस्टन चटका देऊ लागला. मी तो सोडला नाही.

आवाज खाली, इमारतीच्या दाराशी बंद झाला.

जिन्यावर पावलं. दोघांची. मधल्या वळणावर एक पाऊल दम खायला थांबलं. त्या पावलाला मी ओळखतो.

कुलपात किल्ली फिरली. दार जरासं हललं आणि कडीला अडलं.

"आतून कडी आहे," बायको म्हणाली.

मी उठलो. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाहेर सगळं गप्प झालं.

मी दारापर्यंत पोचलो. कडीवर हात ठेवला. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. वेगानं चाललेला.

"आहे तो आत," ती कुजबुजली. "आज दाराशीच आलाय. मला नाही राहायचं इथे."

पावलं घाईनं खाली जाऊ लागली. मी कडी काढली, दार उघडलं. जिना रिकामा होता. दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. पावलांचा आवाज मात्र अजून उतरतच होता आणि ती रडत होती.

खालच्या वळणावरून तिची समजूत घालणारा आवाज आला. शांत, जरा घोगरा, माझाच.

"घाबरू नकोस गं. एकटाच असतो बिचारा. कुणाला काही करत नाही."